माशी विकत घेण्याआधी दगड उलटा

कराडच्या एका तरुण इंजिनिअरनं विचारलंय: परदेशातले फ्लाय फिशिंगचे, म्हणजे गळावर पिसा-दोऱ्याची नकली माशी बांधून मासे धरायचे, व्हिडिओ बघून वेड लागलंय, आपल्या सातारा-सांगलीच्या डोंगरपट्ट्यात हे जमेल का? ट्राउट कुठं मिळेल, आणि नसेल तर आणून सोडता येईल का? सुरुवातीला कुठल्या माशा विकत घ्याव्यात? कोयनेच्या बॅकवॉटरला तंबू ठोकून दोन दिवस काढले तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात तुम्ही अडकाल. नाही चालणार. शिवसागराच्या, म्हणजे कोयनेच्या बॅकवॉटरच्या, काठचं जंगल कोयना अभयारण्यात आहे. हे अभयारण्य १९८५ चं, खालचं चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४ चं, आणि २०१० पासून दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्या हद्दीत गळाची काठी घेऊन शिरायचंच नाही. बाहेरच्या धरणांत नि तलावांत मासेमारीचा ठेका बहुधा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी त्या माणसांना विचारा, मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत परवान्याची चौकशी करा, मग काठी उघडा. मी पहिल्या वर्षी विचारलं नव्हतं. एका तलावावर राखणदारानं माझी काठी काढून घेतली, चहा पाजला, तासभर ऊस आणि साखर कारखान्याच्या राजकारणावर बोलला आणि निघताना काठी परत दिली. चहा सगळेच पाजतील असं नाही.

आता ट्राउट. तो आपल्याकडे नाही आणि होणारही नाही. १० ते १८ अंश पाण्यात हा मासा सुखी असतो, पारा २५ कडे सरकला की त्याचा जीव जायला लागतो. इंग्रजांनी १९०० साली स्कॉटलंडहून अंडी आणून तो काश्मीरला रुजवला. दक्षिणेत तो नीलगिरीत टिकला, तिथल्या अव्हलांशची हॅचरी (माशांची पिल्लं वाढवायचं केंद्र) १९०७ ची. पण उटी २२०० मीटरच्या वर आहे आणि आपलं महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. एप्रिलच्या दुपारी केरा नदीच्या उघड्या पाण्यात मी थर्मामीटर बुडवला तेव्हा तो ३० च्या पुढं गेला होता. त्या पाण्यात ट्राउटचं कालवण बाहेर काढायच्या आधीच तयार.

आणि समजा जगला असता, तरी आणून सोडू नका. लोणावळ्याच्या हॅचरीत आपल्या दख्खनी महाशीरची पिल्लं वाढवून देशभर सोडली गेली. हेतू चांगलाच होता. ती कावेरीत पोचली, तिथं फोफावली, आणि कावेरीचा स्वतःचा, पाठीला कुबड असलेला महाशीर मागं पडत गेला. त्या कुबड्या माशाचं शास्त्रीय नाव कोणतं हे २०१८ साली पक्कं झालं, तोवर तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत जाण्याइतका कमी झालेला होता. एका खोऱ्यातला देव दुसऱ्या खोऱ्यात चोर ठरतो. आपल्याकडे चिलापी बघताच आहात. सांगलीच्या बाजारात जो मासा सगळे गावठी समजून घेतात तो मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली देशात आला.

मग आपल्या पाण्यात माशीला लागण्यासारखं आहे काय? भरपूर आहे, फक्त तुमच्या व्हिडिओतल्या मापाचं नाही. पाटण, जावळी, शिराळ्याच्या ओढ्यांत बोटाएवढ्या झोऱ्या असतात. अंगावर निळसर उभे पट्टे, तोंड डोळ्यापर्यंत फाटलेलं, आणि वरून काही पडलं की बाणासारख्या येतात. कानातल्या डुलाएवढ्या खवल्या असतात. कातळाला तोंडानं चिकटून शेवाळ खरवडणारा मल्या असतो. आडोशाला दबा धरून बसणारा डोक, मोठ्या डोहात त्याचा थोरला भाऊ मरळ. आणि नशीब असेल तर महाशीर, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी खडशी. ही नावं मी आमच्या खोऱ्यातली सांगतोय. एक खिंड ओलांडली की झोऱ्याचं नाव वेगळं ऐकाल, भांडू नका.

या नावांची एक गंमत आहे. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी १८२० च्या दशकात सरकारी आकडेवारी गोळा करत दख्खनभर फिरला. मासे भोयांकडून घ्यायचा, नाव त्यांनाच विचारायचा आणि तेच लॅटिनच्या शेपटीला बांधून टाकायचा. १८३९ मध्ये त्याची यादी छापून आली. म्हणून आज जगभरचे शास्त्रज्ञ आपल्या मल्याला ‘गारा मल्या’ म्हणतात, घोगऱ्याला ‘रीटा गोग्रा’, आणि दख्खनी महाशीरला ‘टॉर खुद्री’. एक मासा आहे ‘लॅबिओ पोटेल’. त्या काळी इंग्रज पाटलाला ‘पोटेल’ असंच लिहायचे. पाटील शास्त्रात अमर झाला, ज्या भोयानं तो पाण्यातून काढून दिला त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

तुमचा मुख्य प्रश्न माशीचा. बावीस वर्षांत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच, आणि माझं उत्तर बदललेलं नाही: अजून काही विकत घेऊ नका. आधी ओढ्यावर जा आणि एक दगड उलटा.

कसा ते नीट सांगतो. घोट्याएवढं पाणी, खळखळ वाहणारं. जेवणाच्या ताटाएवढा चपटा दगड निवडा, वाळूत रुतलेला नको, दुसऱ्या दगडावर टेकलेला हवा. त्याच्या खालच्या अंगाला चहाची गाळणी किंवा मच्छरदाणीचा तुकडा धरा आणि दगड हळूच वर घ्या. सावलीत नेऊन खालची बाजू वर करा. पहिले दहा सेकंद काहीच दिसत नाही, ओला काळा दगड आणि कुजक्या पानांचा वास. मग दगडाचा एखादा कण सरकतो. नखाच्या अर्ध्याएवढा, दाबून चपटा केल्यासारखा किडा, मागं केसांसारख्या तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही कडांना पिसासारखे कल्ले थरथरतायत. ही मेफ्लायची पाण्यातली पिल्लावस्था, निंफ. दोन शेपट्यांचा, पिवळट-तपकिरी आणि चपळ पळणारा दिसला तर तो स्टोनफ्लायचा, आणि तो सापडला तर पाणी चांगलं आहे असं समजा. दगडाच्या खाचेत मलमलीच्या चिंधीएवढं जाळं दिसेल, प्रवाहाकडं तोंड करून ताणलेलं. त्यामागं हिरवट अळी बसलेली असते. ही कॅडिस. भोई पाण्याच्या तोंडाशी किव नावाचा सापळा लावतो ना, अगदी तसं, वाहत येईल ते खायचं. तिचीच काही भावंडं वाळूचे कण चिकटवून नळीसारखं घर बांधतात आणि घरासकट फिरतात. आणि तांब्याच्या जुन्या पैशासारखी एखादी गोल चकती चिकटलेली दिसली तर नखानं खरवडू नका, तीही जिवंत आहे, एका भुंग्याची अळी.

आता तुमचं बोट त्यांच्याशेजारी ठेवा आणि फोटो काढा. माप कळतं, रंग कळतो. पाटणच्या ओढ्यांत मला बहुतेक वेळा मुगाच्या दाण्याएवढे ते ज्वारीच्या कोंबाएवढे किडे सापडले, रंग ओल्या कातळाचा. मेफ्लायचं आयुष्य असं पाण्याखाली महिनोन् महिने जातं. मग एका संध्याकाळी ती पाण्यावर येते, कात टाकते, पंख उघडते आणि फार तर दिवस-दोन दिवस जगते. तिला खायला तोंडच उरलेलं नसतं, फक्त जोडीदार शोधायचा आणि अंडी टाकून मरायचं. पावसाळा संपल्यावर नदीकाठच्या गावात रस्त्याच्या दिव्याखाली फिकट पंखांचा खच पडलेला तुम्ही पाहिला असेल. लोक सरसकट ‘पाखरं’ म्हणतात आणि झाडून टाकतात. त्यातली शेपटीला लांब केस असलेली असतात ना, ती हीच.

म्हणजे मासा वर्षातला बहुतेक काळ खातो ते पाण्याखालचं, आणि आपण मात्र व्हिडिओ बघून वर तरंगणाऱ्या रंगीत माशा मागवतो. माझी पहिली ऑर्डर अशीच होती. बारा माशा, एकाहून एक देखण्या, जणू दागिन्यांची पेटी. झोऱ्यांनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आज मी सगळ्यात जास्त वापरतो ती माशी गोणपाटाची आहे. १६ नंबरचा गळ (आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, हे आधी उलटं वाटतं), त्यावर जळालेल्या पंपाच्या मोटारीतून निघालेली वाइंडिंगची बारीक तांब्याची तार गुंडाळायची, म्हणजे वजन आणि चमक दोन्ही आलं. तागाचं पोतं उसवून त्याचा धागा बोटांनी पिंजायचा, मेण लावलेल्या तपकिरी दोऱ्यावर वळायचा आणि अंगभर फिरवायचा. शेपटीला गावठी कोंबड्याच्या मानेच्या पिसाचे तीन केस. झाली माशी. वाइंडिंगच्या दुकानदारानं मला ती तार वर्षानुवर्षं फुकट दिली, कशाला हवी ते एकदाच विचारलं आणि ऐकून हसत बसला. ‘माशा मारताय म्हणा की!’ घरीही हेच ऐकावं लागतं.

पिसांचं एक सांगून ठेवतो. आपल्या रानात करडा रानकोंबडा आहे, कोयना-महाबळेश्वरच्या जंगलात पहाटे त्याची तुटक बांग ऐकू येते. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे पिवळट-पांढरे ठिपके असतात. साहेबांच्या सॅमन धरायच्या नकली माशीला डोळा म्हणून हेच पीस लागायचं आणि त्यापायी या पक्ष्याची अमाप शिकार झाली. आता त्याला कायद्याचं संरक्षण आहे, आणि परदेशी माशी बांधणारे तिकडं पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात. तुम्हाला कुणी गावातून ‘आणून देतो’ म्हणालं तर नको म्हणा. तुमच्या आजीच्या खुराड्यातला कोंबडा पुरेसा आहे.

काठीकडं येऊ. साध्या गळाला शिशाचं वजन असतं, ते फेकलं की दोरा त्याच्यामागं ओढला जातो. इथं माशीला वजनच नाही, म्हणून वजन दोरीत असतं आणि दोरी माशीला नेते. सगळी कसरत एवढ्यासाठी. काठ्यांवर आकडे असतात ते या दोरीच्या वजनाचे: पाच नंबरच्या दोरीचा पहिला ३० फुटांचा भाग साधारण ९ ग्रॅम भरतो, आठ नंबरचा साडेतेरा ग्रॅमच्या पुढं. ओढ्यांना चार किंवा पाच नंबर, महाशीरला आठ. मात्र माझा सल्ला विचाराल तर पहिलं वर्ष दोरी गुंडाळायचं रीळ घेऊच नका. जपानी लोक डोंगरी ओढ्यांवर बारा फुटी हलकी काठी आणि टोकाला काठीएवढाच बांधलेला दोरा एवढ्यावर मासे धरतात, त्याला तेनकारा म्हणतात. आपल्या ओढ्यांत झाडी डोक्यावर आलेली, पाणी दोन हात रुंद, तिथं लांब फेकायची जागा असते कुठं? पैसेही वाचतात.

रिळाच्या काठीवर आलात की शेतात सराव करा, पाण्यावर नको. काठी मागं न्यायची, थांबायचं, दोरी पाठीमागं पूर्ण उलगडू द्यायची, मग पुढं. नवा माणूस थांबत नाही. आपण लहानपणापासून आसूड बघितलेला असतो, हात त्याच सवयीनं चालतो आणि मागं ‘फट्’ असा आवाज येतो. पोतराजाच्या आसुडाचा आवाज निघाला तर त्याला दाद मिळते, तुमच्या दोरीचा निघाला तर माशी तुटून गेली असं समजा. मी पाटणजवळ पहिल्यांदा हा उद्योग करत होतो तेव्हा काठावर एक म्हातारे भोई बिडी ओढत बसले होते. बराच वेळ बघून म्हणाले, ‘‘काय रं, हवंला चाबूक मारतुयास व्हय? मासं काय बैल हाईत?’’ मी समजावून सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला. ‘‘त्ये ऱ्हाऊ दे. तुजी सावली बघ पाक पल्याड पडलीया. मासं कवाच गेल्यात.’’ बघितलं तर खरंच, सकाळचं ऊन पाठीवर आणि माझी सावली सबंध डोहावर आडवी. कास्टिंग, म्हणजे दोरी फेकणं, कित्येक तास शिकलो, पण उन्हाला तोंड करून उभं राहायचं, वाकून यायचं आणि खालून वरच्या दिशेनं चालायचं हे त्या बिडीच्या एका झुरक्यात शिकलो. मासा प्रवाहाकडं तोंड करून असतो, मागून गेलेला माणूस त्याला उशिरा कळतो.

टोपी आणि चष्मा मात्र पहिल्या दिवसापासून. माझ्या डाव्या कानाच्या पाळीत एक गळ शिरला होता आणि तो काढून घ्यायला मी एसटीनं, गळ आणि हातभर दोरा लोंबकळत, दवाखान्यात गेलो. तेव्हापासून गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करतो. मासाही लवकर सुटतो आणि कानही.

आपला डोंगर कसा आहे हे कळल्याशिवाय मासा कुठं उभा राहतो हे कळत नाही. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर, त्यामुळं ओढा उतरतो तो पायऱ्यांनी: कातळावरून उडी, खाली डोह, पुढं खळाळ, पुन्हा उडी. कास, पाचगणीसारख्या पठारांवर जांभ्याची टोपी आहे. ती स्पंजासारखी पाणी पिते, आणि जांभा संपून काळा कातळ लागतो तिथून ते पाझरून झरे फुटतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि सुमारे सव्वाशे किलोमीटरवर म्हसवडला जेमतेम पाचशे, अशा जिल्ह्यात फेब्रुवारीनंतर कुठला ओढा वाहता राहील हे पावसावर नाही, डोक्यावर सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, आहे की नाही यावर ठरतं. नकाशा काढा, पठार बघा, त्याच्या पायथ्याचा ओढा धरा. उरमोडी, तारळी, केरा, मोरणा, वारणा, यांच्या उपओढ्यांत असं बरंच पाणी आहे. जागांची नावं मी सांगणार नाही. ती सांगितली की पुढच्या वर्षी तिथं मासे मारायला ब्लिचिंग पावडरचं पोतं घेऊन माणसं येतात, हे दोनदा झालंय.

डोहात मासा मधोमध नसतो. खळाळ मोडून पाणी गुळगुळीत होतं तो डोहाचा गळा, आणि डोह संपून पुढच्या पायरीवर पाणी पातळ होतं ती शेपूट, या दोन जागी झोऱ्या उभ्या असतात. फेसाची रेघ कुठून जाते ते बघा. फेस जिथून वाहतो तिथूनच किडेही वाहतात. माशी त्या रेघेत, वरच्या बाजूला टाका आणि फेसाच्याच वेगानं येऊ द्या. दोरी ओढली जाऊन माशी प्रवाहाच्या आडवी सरकली, की मासा समजतो.

हंगामाचं गणित इंग्रजी पुस्तकातलं चालत नाही. जूनला मृग बरसला, ओढे तांबडे झाले की मासे चढणीला लागतात. पोटात गाभोळी घेऊन खालच्या नदीतून वर, शेताच्या बांधापर्यंत. वलगणीचे मासे म्हणून लोक काठीनं, टोपलीनं, घमेल्यानं धरतात. मीही लहानपणी धरलेत, खोटं कशाला बोलू. पण एक गाभण मासा म्हणजे पुढच्या वर्षीचा अर्धा ओढा. पावसाळ्यात काठी बासनात. ती उघडायची कधी हे मला करडा धोबी सांगतो. शेपटी हलवत दगडादगडांवर फिरणारा, पोटाखाली पिवळा असलेला हा पाहुणा उत्तरेकडून सप्टेंबर-ऑक्टोबरात घाटातल्या ओढ्यांवर उतरतो. तोही पाण्यातले किडेच खायला आलेला असतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पाणी नितळतं, आणि तिथून डिसेंबरअखेरपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. मे महिन्यात ओढा तुटून डोह उरतात, मासे त्यात कोंडलेले असतात, पाण्यात प्राणवायू कमी असतो. तिथं मासा धरून सोडला तरी तो मरतो. त्या दिवसांत मी नुसता दुर्बीण घेऊन जातो.

एक अपवाद करतो, आणि त्याची वर्षभर वाट बघतो. वळवाचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला की संध्याकाळी वारुळांतून वाळवीची पंखवाली पाखरं धुरासारखी वर निघतात. ती नदीवर पडतात, आणि एरवी तळ न सोडणारा मासासुद्धा तोंड वर काढतो. मोठ्या, अजून वाहत्या पाण्यावर हा तास मिळाला तर तरंगणारी माशी बाहेर काढा: तपकिरी अंग, दोन लांब पिसांचे पंख, विशेष काही नको. अंधार पडेपर्यंत खेळ, मग पुढच्या वर्षी.

महाशीरबद्दल थोडं लिहितो, कारण तुम्हाला मनातून तोच हवा असणार. तो ट्राउटसारखा नुसत्या किड्यांवर जगत नाही. खेकडा, शिंपले, बारके मासे, शेवाळ आणि फळं, सगळं चालतं. जबड्यात दात नसतात पण घशात असतात, त्यांनी तो खेकड्याची पाठ चुरतो, बारीक गळही वाकवतो. मार्च ते जून नदीवर ओणवलेलं उंबराचं झाड शोधा आणि सावलीत गप्प बसा. वर माकडं किंवा हरियल फळं खात असतात, खाली उंबर पडतात. ‘टप्’. त्यानंतर किती वेळात पाणी फुगतं ते मोजा. एका जागी मी मोजलं होतं: तिसरं उंबर पडल्यावर खालून एक तांबूस-सोनेरी अंग निवांत वर आलं, उंबर आत घेतलं आणि सुपाएवढी शेपटी हलवून गेलं. पाठीवरचा एकेक खवला आठ आण्याच्या नाण्याएवढा. मी काठी जोडलेली नव्हती आणि जोडावीशी वाटली नाही. लोकरीचा मातकट-लाल गोळा बांधून उंबराची ‘माशी’ करता येते, ती त्या ‘टप्’ आवाजासकट पडली पाहिजे. मात्र देवाच्या डोहात, जिथं लोक माशांना लाह्या टाकतात, तिथं काठी उघडायची नाही. घाटाखाली महाडच्या वाळणकोंडीत महाशीर इतके वाढले ते अशाच श्रद्धेमुळं.

धोक्यांपैकी दोनच सांगतो. कोयना धरणाचं बहुतेक पाणी वीज करून पश्चिमेला वाशिष्ठीत जातं, पण पायथ्याच्या वीजगृहातून आपल्या बाजूलाही सोडलं जातं. बातमीत ‘एक युनिट सुरू, १०५० क्युसेक’ वाचता ते हेच. हेळवाक ते पाटण पट्ट्यात मी नदीच्या मधल्या कातळावर उभा असताना पाणी वाढलं होतं. आवाजानं कळत नाही. कडेला अडकलेली पानं, काटक्या, बाटल्या एकाएकी वाहायला लागतात, ती खूण. ती ओळखायला मला पाच मिनिटं उशीर झाला आणि पुढचे चार तास मी त्या कातळावर काढले. संध्याकाळी गुराख्याच्या कासऱ्याला धरून बाहेर आलो. दुसरा धोका तुमच्या सांगलीकडच्या पाहुण्यांना सांगा: भिलवडी, औदुंबरच्या कृष्णेत मगरी आहेत. तिथं काठावरून, पाण्यापासून लांब उभं राहून चिलापी धरा. पाण्यात पाय घालून उभं राहायची नदी ती नव्हे, आणि उन्हाळ्यात वाळूच्या काठावर मगरीची घरटी असतात तेव्हा काठही सोडा.

मरळबद्दल एक राहिलं. पावसाळ्याच्या आसपास पाण्यावर शेंदरी पिल्लांचा घोळका गोळा होऊन वरखाली करताना दिसेल. त्याच्या खाली आईबाप पहाऱ्यावर असतात आणि त्या घोळक्यात काहीही टाकलं तरी ते रागानं धरतात. म्हणून तिथं टाकायचं नाही. आईबाप गेले की घोळका संपला.

तर तूर्तास खरेदी एवढीच: पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा, चहाची गाळणी, स्वस्तातला थर्मामीटर मिळाला तर तो, आणि शेवाळावर न घसरणाऱ्या बुटांची जोडी. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी तुमच्या घरापासून जवळच्या वाहत्या ओढ्यावर जा. तीन वेगवेगळ्या जागचे तीन दगड उलटा, शेजारी बोट ठेवून फोटो काढा, पाण्याचं तापमान लिहून घ्या आणि दगड होता तसा परत ठेवा. फोटो दाखवलेत की कुठली माशी बांधायची ते सांगतो. पोतं माझ्याकडं आहे.